इत्सुकाइचीचा डाव

सोलापुरात जपानच्या युद्धाची ओळख डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या वाटेने होते. १९१० साली इथे जन्मलेला आणि मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा तरुण १९३८च्या सप्टेंबरात चार सहकारी डॉक्टरांबरोबर चीनला निघाला. तिथे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीच्या जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी, तिकडेच वारला. भैय्या चौकातले त्यांचे घर आता स्मारक आहे. आम्हा सोलापूरकरांच्या मनातला त्या काळचा जपान म्हणजे चीनवर चालून गेलेला जपान. तो तसा होताच.

पण त्याच वर्षांत त्या देशाच्या पोटात थोडी माणसे एक अगदी वेगळे काम करीत होती. काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा ‘गो’ नावाचा खेळ हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा होता. युद्ध सुरू झाले, लांबले, अन्नधान्य आटले, शहरे जळाली, तरी त्यांनी एका किताबाची परंपरा तुटू दिली नाही. तो किताब म्हणजे ‘होनिन्बो’. मी बुद्धिबळाच्या नादाने या खेळाकडे वळलो आणि त्या किताबाच्या मागे लागलो. तो माग मला ६ ऑगस्ट १९४५च्या सकाळी, हिरोशिमाजवळच्या इत्सुकाइची नावाच्या गावी घेऊन गेला.

खेळ सांगायला सोपा आहे. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा, त्यांच्या छेदांची ३६१ ठिकाणे. काळा आधी, मग पांढरा, आळीपाळीने एकेक सोंगटी छेदावर ठेवायची. ठेवलेली सोंगटी पुन्हा हलत नाही. शत्रूने सर्व बाजूंनी वेढली तरच ती उचलली जाते. शेवटी ज्याने जास्त मोकळी ठिकाणे, म्हणजे ‘घरे’, कुंपणात घेतली तो जिंकला. राजा नाही, वजीर नाही, सगळ्या सोंगट्या सारख्या. चीनमध्ये जन्मलेला हा खेळ कोरिया-जपानात गेला आणि जपानात त्याला राजाश्रय मिळाला.

१९४५च्या जुलैत होनिन्बो किताबाची तिसरी लढत ठरली होती. किताब हाशिमोतो उतारो यांच्याकडे होता आणि आव्हान देणारे होते इवामोतो काओरु. लढत सहा डावांची. तोक्योत खेळणे अशक्य झाले होते. व्यावसायिक गो खेळाडूंची संस्था निहोन किइन, तिची तोक्योतली इमारत मे महिन्यातल्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली होती. तेव्हा पुढाकार घेतला सेगोए केन्साकु यांनी. ते हाशिमोतोंचे गुरू, मूळचे हिरोशिमाच्या उपसागरातल्या बेटावरचे, आणि बॉम्बहल्ल्यांमुळे तोक्यो सोडून आपल्या मुलखात येऊन राहिलेले. लढत हिरोशिमात घ्यायची, होनिन्बोची ज्योत विझू द्यायची नाही, असा त्यांचा आग्रह होता. त्या उन्हाळ्यापर्यंत हिरोशिमावर मोठा हल्ला झालेला नव्हता, त्यामुळे निवड शहाणपणाची वाटली असणार.

पहिला डाव जुलैच्या अखेरीस हिरोशिमा शहरात, किइनच्या स्थानिक शाखेचे प्रमुख फुजिई यांच्या घरी झाला. विमाने येऊन गोळीबार करून जात होती, घराच्या छपरावरही गोळ्या पडल्या. शहरात खेळणे धोक्याचे आहे, असे पोलिसांनी बजावले होते. ते न जुमानता पहिला डाव उरकला. दुसऱ्या डावाच्या वेळी मात्र पोलिसांनी ऐकून घेतले नाही. मग जागा बदलली आणि मंडळी शहरापासून सुमारे १० किलोमीटरवरच्या इत्सुकाइचीला आली. एका पोलिस अधिकाऱ्याच्या हट्टामुळे दोघे खेळाडू, पंच म्हणून बसलेले सेगोए आणि डाव लिहून घेणारा वाचले.

डाव ४ ऑगस्टला सुरू झाला. त्या काळी मोठे डाव तीन-तीन दिवस चालत. संध्याकाळी थांबायचे, सकाळी कालपर्यंतची मांडणी पटावर पुन्हा लावून पुढे खेळायचे. ६ तारखेला सकाळी तशीच मांडणी चालली होती. १०६ खेळ्या झालेल्या होत्या. सव्वाआठला डोळे दिपवणारा प्रकाश पडला. आवाजाला १० किलोमीटर यायला जवळपास अर्धे मिनिट लागते. तेवढ्या वेळात हिरोशिमाच्या दिशेने ढग वर चढताना दिसला असेल. मग धक्का आला. काचा फुटल्या, खोलीची दाणादाण झाली, सोंगट्या पटावरून उडाल्या. हाशिमोतो बागेपर्यंत फेकले गेले, असे सांगतात.

त्यांनी खोली झाडली, सोंगट्या गोळा केल्या, मांडणी पुन्हा लावली आणि डाव पुढे सुरू केला. संध्याकाळच्या सुमाराला डाव संपला. पांढऱ्या सोंगट्यांनी खेळणारे हाशिमोतो पाच घरांनी जिंकले होते.

या प्रसंगाची आठवण गोच्या जगात फार अभिमानाने काढतात: अणुबॉम्ब पडला तरी डाव थांबला नाही! मला हा अभिमान सहजासहजी पचत नाही. त्या दिवशी शहराच्या वाटेने इत्सुकाइचीकडे जळालेल्या, भाजलेल्या माणसांची रीघ लागली होती. फुजिई आणि त्यांच्या घरची माणसे मेली. पहिला डाव झाला ते घर राहिले नाही. सेगोए यांचा एक मुलगा शहरात होता, तो गेला. सकाळी पट पुन्हा मांडताना खेळाडूंना यातले काही ठाऊक नव्हते. काय घडले हे त्या वेळी साऱ्या जगात मोजक्याच माणसांना माहीत होते. त्यांच्यापुढे अर्धा डाव होता आणि तो पुरा करणे हे त्यांचे काम होते. त्यात निर्दयता मी पाहत नाही, पण पराक्रमही पाहत नाही. पराक्रम पुढे नोव्हेंबरात झाला. तिथे यायच्या आधी हा किताब मुळात आला कुठून ते पाहिले पाहिजे, कारण त्याशिवाय या माणसांनी एवढा जीव का टाकला ते कळणार नाही.

क्योतोच्या जाक्कोजी मंदिराच्या आवारात होनिन्बो नावाचा एक मठ होता. तिथला भिक्षू सान्सा हा आपल्या काळातला सर्वांत बलाढ्य गो खेळाडू. नोबुनागा, हिदेयोशी आणि इयेयासु या तिन्ही सत्ताधीशांनी त्याला जवळ केले. १५८२ साली नोबुनागा विश्वासघाताने मारला गेला, त्याच्या आदल्या रात्री सान्सा त्याच्यासमोर खेळत होता, अशी दंतकथा आहे. तिची सत्यता कुणी पडताळू शकत नाही, पण लढाईच्या तोंडावर पट मांडण्याची कल्पना या परंपरेला पहिल्यापासून चिकटलेली आहे एवढे खरे. इयेयासुने १६१२ साली गो खेळाडूंना तांदळाच्या मापात तनखा बांधून दिला. पुढे चार घराणी झाली: होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी. वर्षातून एकदा शोगुनच्या किल्ल्यात त्यांचे डाव होत. घराण्याला मुलगा नसला, किंवा मुलात दम नसला, तर लायक शिष्य दत्तक घेत. आपल्याकडच्या गवयांच्या घराण्यांशी याचे मोठे साम्य आहे, फक्त इथे लायकी पटावर रोज तपासून घेता येत असे.

होनिन्बो घराण्यातला सर्वांत लाडका माणूस शुसाकु. जन्म १८२९, इन्नोशिमा बेटावर, म्हणजे आजच्या हिरोशिमा प्रांतात. किल्ल्यातल्या डावांत तो ओळीने १९ डाव जिंकला, एकही हरला नाही. १८६२ साली एदो, म्हणजे आजच्या तोक्यो, शहरात पटकीची साथ आली तेव्हा घराण्यातल्या आजाऱ्यांची शुश्रूषा करताना तो स्वतः आजारी पडला आणि ३३व्या वर्षी गेला. हिरोशिमाच्या परिसराला गोचे वेड होते ते असे पिढ्यांचे. सेगोए तिथलेच, आणि लढत तिथे नेताना त्यांना परकेपणा वाटायचे कारण नव्हते.

१८६८ साली शोगुनाई बुडाली आणि तनखे बंद झाले. घराण्यांची दुर्दशा झाली. तनखा खाऊन जगलेल्या माणसांना एकदम बाजारात उभे राहावे लागले. संस्थाने खालसा झाल्यावर मल्ल, गवई आणि तंतकार यांचे आपल्याकडे काय झाले हे ज्यांनी घरात ऐकले आहे त्यांना त्याची कल्पना यावी. गोला तारले ते वर्तमानपत्रांनी. रोज डावाचा थोडा भाग छापायचा, त्यावर जाणकाराचे टिपण द्यायचे. वाचक उद्याची खेळी पाहायला पुन्हा अंक घेणार. १९२३च्या भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झाल्यावर फुटलेले गट एकत्र आले, बॅरन ओकुरा यांनी पैसा दिला आणि १९२४ साली निहोन किइन उभी राहिली.

शेवटचा वंशपरंपरागत होनिन्बो म्हणजे शुसाई, घराण्याचा २१वा धनी. त्याला कर्तबगार वारस दिसत नव्हता. त्याने होनिन्बो हे नाव संस्थेच्या हवाली केले आणि माइनिची वृत्तपत्रसमूहाच्या आश्रयाने त्याचा किताब झाला: इथून पुढे जो जिंकेल तो होनिन्बो. ३०० वर्षांहून जुने नाव असे खुल्या स्पर्धेत आले. काहींना ते विकणे वाटले. मला तो त्या माणसाचा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय वाटतो.

शुसाईचा निरोपाचा डाव १९३८ साली कितानी मिनोरु या तरुण खेळाडूशी झाला. २६ जूनला सुरू झाला, ४ डिसेंबरला संपला. प्रत्येकाला ४० तासांचा वेळ. मध्ये शुसाई हृदयविकाराने आजारी पडले आणि तीन महिने खेळ थांबला. कोटणीस मुंबईच्या बंदरातून निघाले ते याच खंडात. तिकडे चीनमध्ये जपानी फौजा पुढे सरकत होत्या आणि इकडे जपानचे वाचक एका आजारी म्हाताऱ्याच्या पुढच्या खेळीची वाट पाहत होते. वर्तमानपत्राकरिता त्या डावाचे वार्तांकन करायला कावाबाता यासुनारी होते. त्यातूनच पुढे त्यांची ‘मेइजिन’ ही कादंबरी झाली. शुसाई पाच घरांनी हरले आणि १९४०च्या जानेवारीत वारले.

या काळातला सर्वांत प्रतिभावान खेळाडू जपानी नव्हता. गो सेइगेन हा फूजियान प्रांतात १९१४ साली जन्मलेला, बीजिंगमध्ये वाढलेला चिनी मुलगा. त्याची कीर्ती ऐकून सेगोए यांनी आपल्या शिष्याला, म्हणजे हाशिमोतोंनाच, त्याची परीक्षा घ्यायला बीजिंगला पाठवले होते. परीक्षा घेऊन हाशिमोतो खात्री पटून परतले आणि १९२८ साली १४ वर्षांचा सेइगेन आई-भावासह जपानला आला. १९३३ साली त्याने शुसाईंशी खेळताना पहिली सोंगटी कोपऱ्यातल्या अशा जागी ठेवली, जी होनिन्बो घराण्यात निषिद्ध मानली जाई. तिसरी थेट पटाच्या मधोमध. जपानने बळकावलेल्या मंचुरियावरून दोन देशांत विष कालवले गेले होते, आणि एक चिनी पोरगा जपानच्या गुरूंपुढे असे खेळतो हे अनेकांना झोंबले. तो १९३६ साली जपानी नागरिक झाला. चीनमध्ये त्याला देशद्रोही म्हणणारे होते, जपानमध्ये परका म्हणणारे. कोटणीस ज्या सीमारेषेच्या एका बाजूला गेले, सेइगेन तिच्या दुसऱ्या बाजूला पोचला. दोघेही आपापल्या कामाच्या ओढीने. त्यांची बरोबरी मी करीत नाही. एकाने हल्ला सोसणाऱ्यांची सेवा केली, दुसरा हल्ला करणाऱ्यांच्या राजधानीत खेळला. पण सेइगेनला दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण १४ वर्षांच्या मुलाला युद्ध कुठल्या बाजूने येणार हे कोण सांगणार होते?

किताबाची पहिली स्पर्धा १९३९ साली सुरू झाली आणि १९४१ साली सेकियामा रिइची पहिले होनिन्बो झाले. १९४३ला हाशिमोतोंनी त्यांना आव्हान दिले. आधीच तब्येतीने खंगलेले सेकियामा दुसऱ्या डावात कोसळले, लढत सोडावी लागली आणि किताब हाशिमोतोंकडे आला. असा मिळालेला किताब हाशिमोतोंना किती गोड लागला असेल याची शंका येते. १९४५ला ते हिरोशिमापर्यंत जाऊन लढत द्यायला तयार झाले, त्यामागे हेही असावे असे मला वाटते. दरम्यान तरुण खेळाडू सैन्यात भरती होत होते. कागदाच्या टंचाईने वर्तमानपत्रे दोन पानांवर आली, गोचे सदर गेले. म्हणजे ज्या आश्रयाने तनख्याची जागा घेतली होती तोही आटला.

आपल्याकडे खेळाच्या आश्रयाचा हा प्रश्न वेगळ्या रीतीने आला. दुसऱ्या बाजीरावांसाठी त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळावर संस्कृत ग्रंथ रचला. त्याचा इंग्रजी अनुवाद १८१४ साली मुंबईत छापला गेला. म्हणजे पेशवाईत या विद्येला दरबारात जागा होती. पण तिथून पुढे सलग किताब नाही, संस्था नाही. पंजाबातल्या सुलतान खानाचे उदाहरण मनाला लागते. सर उमर हयात खान या जमीनदार धन्याने त्याला लंडनला नेले. १९२९, १९३२ आणि १९३३ साली तो ब्रिटिश विजेता झाला. धनी परतला, सुलतान खान परतला, आणि एवढ्या प्रचंड ताकदीचा खेळाडू खेळापासून दूर झाला. त्याच्यामागे घराणे नव्हते, वर्तमानपत्र नव्हते, एक धनी होता. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली, भर युद्धात, नूतन बुद्धिबळ मंडळ काढले; ज्या वर्षी जपानला पहिला स्पर्धेतला होनिन्बो मिळाला, त्याच वर्षी. देशव्यापी बुद्धिबळ महासंघ १९५१चा, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली एलुरूला झाली. तिचे विजेतेपद रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या यांनी वाटून घेतले. सांगलीच्या त्या मंडळाला या पुढाकाराबद्दल जितका मान मिळायला हवा तितका आपण अजून दिलेला नाही.

आता १९४५चा नोव्हेंबर. शरणागती होऊन तीन महिने झाले होते. तोक्योत माणसे पत्र्याच्या आडोशाला राहत होती, शिधा पुरत नव्हता. किइनकडे इमारत नाही, पैसा नाही, मासिक नाही. तरी उरलेले चार डाव चिबा प्रांतातल्या नोदा इथे आणि तोक्योतल्या मेगुरोत खेळवले गेले. ऑगस्टच्या त्या सकाळी पट समोर होता, माणसे जागेवर होती. हाताला सवयीने काम मिळाले. नोव्हेंबरात मात्र सर्व काही नव्याने जुळवावे लागले: तांदूळ, जागा, प्रवास, आणि मेलेल्यांची यादी माहीत झाल्यावर पुन्हा समोरासमोर बसण्याची ताकद. सेगोएंचा मुलगा गेलेला होता. फुजिईंच्या घरी पाहुणचार घेतलेले दोघे आता त्यांच्याशिवाय खेळत होते. सहा डाव ३-३ असे बरोबरीत सुटले.

निकाल १९४६च्या उन्हाळ्यापर्यंत लांबला. जादा डावांत इवामोतो दोन्ही डाव जिंकले आणि तिसरे होनिन्बो झाले. हा गृहस्थ १९२९ साली खेळ सोडून ब्राझीलला कॉफीची शेती करायला गेला होता. शेती फसली, १९३१ला परतला. एकदा सगळे सोडून पाहिलेल्या माणसाला सगळे उद्ध्वस्त झाल्यावर काय करायचे ते कळत असावे. त्याने तोक्योतले आपले राहते घर किइनच्या कचेरीला दिले. युद्धानंतरची व्यावसायिक गोची घडी त्या घरातून बसली. म्हातारपणी त्याने आपला पैसा लंडन, ॲमस्टरडॅम, न्यूयॉर्क, सिॲटल आणि साओ पाउलो इथे गोची केंद्रे उभी करण्यात घातला. १९९९ साली, ९७व्या वर्षी तो गेला.

हाशिमोतोंनी १९५० साली किताब परत मिळवला आणि त्याच वर्षी ओसाकात कान्साई किइन ही वेगळी संस्था काढली. तोक्योशी त्यांचे भांडण हा लांबचा विषय आहे. इथे त्यात शिरत नाही.

सेगोए मात्र पुढे फार महत्त्वाचे ठरले. १९६० साली जपान आणि चीन यांच्यात राजनैतिक संबंधही नव्हते, तेव्हा गो खेळाडूंचे एक पथक चीनला गेले. प्रमुख सेगोए, सोबत हाशिमोतो. म्हणजे इत्सुकाइचीच्या त्या खोलीतले दोघे. चीनकडून या भेटीचा पाठीराखा होता परराष्ट्रमंत्री चेन यी, युद्धात न्यू फोर्थ आर्मीचा सेनापती म्हणून जपान्यांशी लढलेला माणूस. कोटणीसांनी ज्यांच्या बाजूने प्राण वेचले त्याच आघाडीतला. त्याला या खेळाचे विलक्षण वेड होते. जपानी खेळाडूंनी बहुतेक सगळे डाव जिंकले. चेन यीने त्याचा राग न धरता चीनमध्ये मुलांना शिकवण्याची सोय लावली. त्या मुलांतला एक न्ये वेइपिंग, लहानपणी खुद्द चेन यीबरोबर खेळलेला.

सेगोएंनी उतारवयात एक शेवटचा शिष्य घेतला: चो हुन-ह्युन नावाचा कोरियन मुलगा. ज्या कोरियावर जपानने ३५ वर्षे राज्य केले तिथला. तो सेगोएंच्या घरी राहून शिकला. १९७२ साली सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्याला मायदेशी परतावे लागले, आणि त्याच वर्षी ८३ वर्षांच्या सेगोएंनी आत्महत्या केली. चो परत गेल्याचे दुःख हे त्याचे एक कारण मानतात. हाशिमोतो, सेइगेन आणि चो असे जपानी, चिनी आणि कोरियन तीन थोर शिष्य या एका माणसाने घडवले. त्याच्या आयुष्यभर या तीन देशांत रक्त सांडत राहिले होते.

१९८८ साली तैवानचे उद्योगपती इंग चांग-की यांनी गोची एक मोठी जागतिक स्पर्धा भरवली. तिच्या अंतिम लढतीत समोरासमोर आले न्ये वेइपिंग आणि चो हुन-ह्युन. लढत पाच डावांची, चीनमध्ये सुरू झालेली आणि १९८९च्या सप्टेंबरात सिंगापूरला संपलेली. चो ३-२ने जिंकला. सोलला परतल्यावर त्याची उघड्या मोटारीतून मिरवणूक निघाली, आणि कोरियात गल्लोगल्ली मुले हा खेळ शिकू लागली.